हेरपटांचे विडंबन : शिळी कढी नव्हे



हेरपटांची टर उडवणारे सिनेमे पोरखेळ आणि त्यांचे पुढचे भाग म्हणजे शिळ्या कढीला ऊत, हे अमरावतीच्या एका वाचकाचे मत मला मुळीच पटले नाही.

‘जॉनी इंग्लिश’चा २०११चा दुसरा भाग त्यांनी पुन्हा पाहावा. मारेकरी भिंतींवरून उड्या मारत पळतो. वय झालेला नायक जॉनी मात्र फाटक उघडून चालत जातो, लिफ्ट वापरतो आणि तरीही त्याच्या मागावर राहतो. २००३च्या पहिल्या भागात ही गंमत जमलीच नसती, कारण ती नायकाच्या वाढत्या वयातून आली आहे. २०१८चा तिसरा भाग मात्र फिका पडला, हे मान्य.

आपल्या वऱ्हाडात बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारी येतो, करड्या आवाजात खोटा गुन्हा वाचून दाखवतो आणि सगळी आळी हसते. पुढच्या साली तो पुन्हा आला, तर जुनेच सोंग म्हणून कोणी दार लावून घेत नाही. विडंबनपटांच्या पुढच्या भागांचेही तसेच.

शिवाय ‘ऑस्टिन पॉवर्स’ या विडंबनपटांनी बाँडच्या लकबींची अशी रेवडी उडवली, की बाँडपटांना गंभीर वळण घ्यावे लागले. हे खुद्द बाँड साकारलेल्या डॅनियल क्रेगनेच सांगितले आहे.

— एक वाचक, अकोला