भांडी घासणारे प्राध्यापक



एरवी या सदरात मी मोबाइल, पासवर्ड, ऑनलाइन फसवणूक यांवर लिहितो. या वेळचा विषय मात्र घरातूनच आला.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या मामांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. घरी आणल्यावर मामींनी त्यांना फुलासारखं जपलं. चमच्याने भरवायचं, सदऱ्याची बटणं लावायची, पेला ओठांशी धरायचा. व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताई एकदा म्हणाल्या, "मामी, सगळं तुम्हीच केलंत तर त्या हाताला कामच उरणार नाही." मामींच्या ते मनाला लागलं. त्या दिवशी त्या धड जेवल्या नाहीत.

कोणाचं बरोबर, हे शोधायला मी वाचत बसलो आणि डॉ. पॉल बाख-इ-रिटा या अमेरिकन डॉक्टरांपर्यंत पोहोचलो.

त्यांचे वडील पेड्रो न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात प्राध्यापक होते. १९५९ साली, पासष्टीच्या घरात, त्यांना पक्षाघात झाला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. सुधारणेची आशा नाही, असंच सांगितलं गेलं. पॉलचा भाऊ जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत डॉक्टरकी शिकत होता. तो वडिलांना तिकडे घेऊन गेला. पुनर्वसनाचं शास्त्र त्याला ठाऊक नव्हतं. त्याने साधा विचार केला: मूल आधी रांगतं, मग चालतं. म्हणून त्याने वडिलांना भिंतीच्या आधाराने रांगायला लावलं. अंगणात म्हातारे प्राध्यापक रांगताना पाहून शेजाऱ्यांनी नावं ठेवली. लोक काय म्हणतील, हा प्रश्न तिकडेही होताच! पुढे जमिनीवर बसून गोट्या खेळणं आणि भांडी घासणं सुरू झालं. चांगल्या हाताने भांडं धरायचं आणि अधू हात त्यात गोल फिरवत राहायचा, पंधरा मिनिटं या बाजूने, पंधरा मिनिटं त्या बाजूने.

पेड्रो पुन्हा बोलू लागले, टाइप करू लागले आणि कॉलेजात शिकवायलाही गेले. काही वर्षांनी कोलंबियात डोंगर चढत असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. शवविच्छेदनात दिसलं, की मेंदूची मोठी इजा तशीच होती, ती भरून आलीच नव्हती. शाबूत राहिलेल्या भागांनी काम उचललं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर नेटवर्कमधली मुख्य लाइन तुटलेलीच राहिली, पण संदेश दुसऱ्या वाटेने जायला शिकले.

पॉल तोवर मेंदूवर संशोधन करत होते. अंध व्यक्तींना पाठीवरच्या स्पर्शातून 'पाहता' यावं, असं त्यांच्या गटाचं यंत्र १९६९ साली गाजलं होतं. पण वडिलांच्या मेंदूने त्यांना वळवलं. चाळिशी उलटल्यावर ते पुन्हा शिकाऊ डॉक्टर झाले, पुनर्वसन वैद्यकात शिरले आणि पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याच विषयाचे प्राध्यापक झाले. झटक्याला बराच काळ लोटलेल्या रुग्णांवरही त्यांनी काम केलं. व्यायामाचा कंटाळा येतो म्हणून त्यासाठी संगणकावरचे खेळ वापरले. २००६ साली ते गेले.

प्रत्येकाचे पेड्रो होत नाहीत, हे खरं. इजा कुठे आणि किती, यावर बरंच अवलंबून असतं. व्यायामही जाणकारांना विचारूनच करायचा. पण हाताला काम हवं, रोज हवं आणि ते रुग्णाने स्वतः करायला हवं.

मी ही गोष्ट मामींना सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांपुढे मटारच्या शेंगांची टोपली ठेवली. पहिल्या तासात चार शेंगा झाल्या. मामी शेजारी बसल्या होत्या, स्वतःचे हात पदरात गुंडाळून. आता पाव किलो होतात. बटणं अजून जमत नाहीत.

आणि मंडळी, एक कबुली. "बरं वाटतंय" म्हणून मामांनी रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली होती आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कोणी टोकलं नाही. चेहरा वाकडा झाला, हात पडला किंवा बोलणं अडखळलं, तर मालिश आणि घरगुती उपाय करत बसू नका. लगेच १०८ ला फोन लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही मेंदूचा स्कॅन झाल्यावर.

या रविवारी पोह्यांच्या आधी घरातल्या सगळ्यांचा रक्तदाब मोजा. पासवर्ड पुढच्या अंकात बदलू.