घड्याळाशेजारचा लाल ठिपका
पावसाळ्यात पाटणचे लक्ष एकाच आकड्याकडे असते: कोयना धरणात पाणी किती? पूर्ण साठा १०५.२५ टीएमसी; तो जवळ आला, दरवाजे उचलले, की मूळगावच्या पुलाची काळजी सुरू. हा आकडा मोबाइलवर फिरतो आणि फॉरवर्डच्या गर्दीत हरवतो. संगणक शिकणाऱ्या इथल्या मुलांनी पहिला प्रकल्प म्हणून हा आकडा दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमलाच हात घालावा, असे मला मनापासून वाटते. पायथनसोबत खिडक्या बनवणारे टीकेइंटर बहुधा आयतेच मिळते. एक खिडकी, साठा आणि विसर्ग भरायला दोन चौकटी, एक बटण. थोडक्या ओळींत काम होते आणि अक्षरे सरळ मराठीत उमटतात. खरी मजा पुढे आहे. खिडकी मिटली तरी पडद्यावरच्या घड्याळाशेजारी छोटे चिन्ह राहावे, साठा शंभर टीएमसीवर गेला की ते हिरव्याचे लाल व्हावे. टीकेइंटरमध्ये ही सोय सहजी नाही. त्यासाठी पायस्ट्रे घ्यायचे आणि चिन्ह रंगवायला पिलो. नवशिके अडकतात ते इथेच: टीकेइंटर आणि पायस्ट्रे या दोघांचेही आपापले न संपणारे चक्र असते, एक सुरू झाले की दुसऱ्याची पाळीच येत नाही. म्हणून विंडोजवर चिन्ह वेगळ्या थ्रेडमध्ये चालवायचे. पण तिथून खिडकीला थेट हात लावायचा नाही, ‘आफ्टर’मार्फत निरोप धाडायचा. फुली दाबल्यावर खिडकी नष्ट न करता ‘विड्रॉ’ने लपवायची. आकडा मात्र धरण व्यवस्थापनाने जाहीर केलेलाच भरावा, ऐकीव नको.