कैलासाच्या वाटेवरचा परवाना

वैशाख सरत आला की महाराष्ट्रातील काही घरांत एक विशिष्ट लगबग सुरू होते. लोकरी मोजे, कानटोप्या, कापराच्या वड्या यांची जमवाजमव होते, हृदयतज्ज्ञांकडे फेऱ्या होतात आणि कपाटात ठेवलेली पारपत्रे बाहेर काढून त्यांवरील मुदतीची तारीख पुन्हा पुन्हा पाहिली जाते. ही तयारी कैलास-मानसरोवराची असते. आयुष्यभर पै-पै साठवून, मुलांची लग्नकार्ये उरकून, निवृत्तीनंतर एकदाच करावयाची ही यात्रा. तिच्यात श्रद्धेला जेवढे स्थान आहे तेवढेच, किंबहुना काकणभर अधिकच, कागदपत्रांना आहे. आजचा विषय या कागदांचा आहे.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षक दांपत्याचे उदाहरण घ्या. २०१९ साली त्यांनी एका यात्रा कंपनीकडे नेपाळमार्गे जाण्यासाठी नावे नोंदवली. पैसे भरून झाले, रोज पहाटे पाच किलोमीटर चालण्याचा सराव झाला. निघण्यास पंधरवडा उरला असता कंपनीच्या माणसाच्या लक्षात आले की गुरुजींच्या पारपत्राची मुदत साडेपाच महिनेच शिल्लक आहे आणि चीनच्या व्हिसासाठी ती किमान सहा महिने हवी. पारपत्र वैध असताना अडवणूक का, हे गुरुजींना अखेरपर्यंत उमगले नाही. कंपनीने आरंभीच तपासावयास हवे होते हे खरे. पण आता त्याचा काय उपयोग? "पुढच्या वर्षी जाऊ," असे म्हणून दोघांनी मन शांत केले. पुढचे वर्ष २०२० होते. महामारी आली, पाठोपाठ गलवान घडले आणि भारत सरकारतर्फे होणारी यात्रा सलग पाच वर्षे झालीच नाही. ती पुन्हा सुरू झाली तोवर गुरुजींच्या गुडघ्यांनी साथ सोडली होती.

हे वाचून काही सुज्ञ वाचक म्हणतील की नियम वाचावयास हवे होते. अगदी मान्य. म्हणून आधी नियम काय आहेत तेच पाहू. परराष्ट्र मंत्रालयाची यात्रा दोन मार्गांनी होते. एक उत्तराखंडातील लिपुलेख खिंडीतून आणि दुसरा, २०१५ पासून खुला झालेला, सिक्कीममधील नथु ला मार्गाने. अर्जदार भारतीय नागरिक असावा, त्या वर्षीच्या १ जानेवारीस त्याचे वय १८ ते ७० या दरम्यान असावे, पारपत्र त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला आणखी किमान सहा महिने चालणारे असावे आणि उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक २५ च्या वर नसावा. निवड संगणकीय सोडतीने होते. २०२५ साली यात्रा पुन्हा सुरू झाली तेव्हा साडेपाच हजारांहून अधिक जणांनी नोंदणी केली आणि जागा होत्या साडेसातशे: लिपुलेखमार्गे पन्नास जणांच्या पाच तुकड्या, नथु लामार्गे दहा. परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, म्हणजे ओसीआय, पत्र बाळगणाऱ्यांना येथे प्रवेशच नाही. न्यू जर्सीत स्थायिक झालेला आणि तेथील पारपत्र घेतलेला मराठी माणूस कितीही सश्रद्ध असो, या तुकडीत तो बसत नाही.

सोडतीत नाव न लागलेल्यांसाठी उरतो तो नेपाळचा मार्ग, आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य यात्रा कंपन्या तोच वापरतात. या मार्गाचा पहिला टप्पा म्हणजे शेजारधर्माचा उत्तम नमुना आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला काठमांडूस जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र पुरते. (१५ ते ६५ वयोगटातील प्रवाशाला केवळ आधारपत्र चालत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्यापायी विमानतळावरून परतलेली माणसे आहेत.) पशुपतिनाथाचे दर्शन घेण्यासाठी कोणत्याही दूतावासाची पायरी चढावी लागत नाही. नंतर मात्र चित्र पालटते. मूळ पारपत्रे चीनच्या व्हिसासाठी जमा करावी लागतात आणि यात्रेकरू काही दिवस काठमांडूत वाट पाहत बसतात. तेथे मिळतो तो सामूहिक व्हिसा, म्हणजे एकाच कागदावर साऱ्या चमूची नावे. त्या कागदावरील सर्वांनी एकत्र प्रवेश करावयाचा आणि एकत्रच बाहेर पडावयाचे. पारपत्रावर आधीपासून चीनचा वैयक्तिक व्हिसा असेल तर तो रद्द होतो. व्यापारासाठी चीनला ये-जा करणाऱ्या मंडळींना हा धक्का अनपेक्षित असतो.

एवढ्यानेही भागत नाही. तिबेटसाठी स्वतंत्र प्रवासपरवाना लागतो आणि कैलास ज्या न्गारी भागात आहे त्यासाठी आणखी वेगळे परवाने लागतात. ते तेथील अधिकृत प्रवास संस्थेमार्फतच मिळतात. एकट्याने पाठीवर पिशवी टाकून निघावे ही सोय नाही. दरवर्षी फेब्रुवारीअखेरीपासून मार्चभर तिबेट विदेशी प्रवाशांना बंदच असतो. १९५९ च्या मार्चमध्ये ल्हासात काय घडले हे आठवले की त्याचे कारण कळते. सामानात दलाई लामांचे छायाचित्र किंवा तिबेटच्या प्रश्नावरील पुस्तक सापडले तर काय प्रसंग ओढवेल, याची ताकीद यात्रा कंपन्या निघण्यापूर्वीच देतात.

सामूहिक व्हिसाचा अर्थ कागदावर कळत नाही, तो पंधरा हजार फुटांवर कळतो. मानसरोवराच्या काठी एखाद्याला विरळ हवेचा त्रास झाला, फुप्फुसात पाणी साचू लागले, तर त्यावर एकच खरा उपाय असतो: तातडीने खाली उतरणे. पण त्याचे नाव चमूच्या कागदावर असते. त्याला एकट्याला सीमेबाहेर काढावयाचे तर तो कागद फोडून त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था करून घ्यावी लागते. कार्यालये, शिक्के, दुभाषे हे सारे आले. अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा असतो.

आता थोडे मागे जाऊ. या व्यवस्थेला फार जुनी परंपरा असेल असे वाटते, पण तसे नाही. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटमधील व्यापार व दळणवळणाविषयी करार झाला. पंचशीलाची तत्त्वे याच कराराच्या प्रस्तावनेत आली. या कराराविषयी चांगले बोलण्याची पद्धत आपल्याकडे नाही आणि त्याला सबळ कारणे आहेत. तिबेट हा चीनचा प्रदेश, हे आपण त्यात लेखी मान्य केले. यातुंग आणि ग्यांत्से येथील आपली सैनिकी पथके मागे घेतली, टपाल-तारेची व्यवस्था सोपवून दिली आणि बदल्यात सीमेविषयी एक वाक्यही लिहून घेतले नाही. हे तत्त्व पापातून जन्मले, असे आचार्य कृपलानी लोकसभेत बोलले होते. त्यात एक शब्द कमी-जास्त करण्याची गरज मला वाटत नाही.

परंतु त्याच करारात यात्रेकरूंविषयी काय लिहिले होते, ते आपण विसरलो आहोत. भारतातील हिंदू, बौद्ध आणि लामापंथीय यात्रेकरूंनी रूढीप्रमाणे कैलास आणि मानसरोवराला जावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. शिपकी, माना, नीती, कुंगरी-बिंगरी, दारमा आणि लिपुलेख या सहा खिंडी व्यापारी व यात्रेकरूंसाठी नावानिशी नोंदवल्या होत्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यात्रेकरूने कोणतेही प्रमाणपत्र जवळ बाळगण्याची गरज नव्हती. सीमेवरील चौकीत नाव नोंदवावयाचे, तेथेच यात्रेचा परवाना घ्यावयाचा आणि पुढे चालू लागावयाचे. पारपत्र नको, दूतावास नको.

हे कलम काही चीनच्या औदार्याचे फळ नव्हते. शतकानुशतके जे चालत आले होते त्याचीच ती नोंद होती. गढवाल-कुमाऊँमधील भोटिया व्यापारी, गंगाकाठचे साधू, अष्टापद मानून येणारे जैन, मिलारेपाच्या स्मृतीने परिक्रमा करणारे बौद्ध, तिबेटातील बोन पंथीय, हे सारे त्या पर्वताभोवती चालत आणि कोणी कोणाला 'तू कोठला नागरिक' असे विचारीत नसे. 'रूढीप्रमाणे' हा करारातील शब्द मोलाचा होता, कारण त्यात यात्रा हा हक्क होता, मेहेरबानी नव्हती. करार आठ वर्षांचा होता. १९६२ च्या जूनमध्ये त्याची मुदत संपली, नूतनीकरण झाले नाही आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात युद्ध पेटले. यात्रेची वाट बंद झाली ती जवळजवळ दोन दशके.

१९८१ मध्ये ती पुन्हा उघडली. डॉ. सुब्रमण्यम स्वामी यांनी त्या वर्षी डेंग यांच्यापुढे हा विषय मांडला, चीनचे परराष्ट्रमंत्री ह्वांग ह्वा जूनमध्ये दिल्लीत आले आणि सप्टेंबरात पहिली तुकडी निघाली. ज्यांनी हे घडवले त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण वाट उघडली ती वेगळ्या स्वरूपात. करारातील 'रूढी' परत आली नाही. दरवर्षी ठरणारी संख्या, दरवर्षी मागावयाची अनुमती आणि कोणत्याही क्षणी मिटणारे दार, हे तिचे नवे रूप. २०१७ मध्ये डोकलामचा पेच उद्भवला आणि नथु लाचे फाटक चीनने बंद केले. डोकलामशी यात्रेकरूंचा काय संबंध होता? काहीच नव्हता, पण दार त्यांच्या तोंडावर लागले.

चीनच्या लेखी व्हिसा हा नुसता प्रवासाचा कागद नाही, ते राजनीतीचे हत्यार आहे, याचा अनुभव आपल्याला अन्यत्रही आला आहे. अरुणाचलच्या रहिवाशांना पारपत्रावर शिक्का न मारता सुटा कागद टाचून देण्याची चाल सर्वांना ठाऊक आहे. २०२३ मध्ये तेथील वुशू खेळाडूंना असाच व्हिसा दिल्यावर भारताने आपला संघच रोखून धरला आणि ते योग्य केले. २०१० मध्ये आपल्या उत्तर विभागाच्या सेनाप्रमुखांना, ते जम्मू-काश्मीरची जबाबदारी सांभाळतात या सबबीवर, व्हिसा नाकारला गेला होता.

कोणाला प्रवेश द्यावा हा प्रत्येक राष्ट्राचा सार्वभौम अधिकार आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो मी नाकारत नाही. आपणही २०२० नंतर चिनी पर्यटकांना व्हिसा देणे थांबवले होते आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू केले. आपल्या सीमाभागात आपल्याच नागरिकांना अंतर्गत परवाना लागतो. प्रश्न व्हिसा असावा की नसावा हा नाहीच. यात्रेकरूला पर्यटकांच्या रांगेत उभे करावे काय, हा खरा प्रश्न आहे. आणि शत्रुराष्ट्राशीही याहून वेगळी व्यवस्था होऊ शकते, हे आपण करून दाखवले आहे. पाकिस्तानशी १९७४ चा तीर्थस्थळांविषयीचा करार आहे. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी करतारपूर मार्गिका उघडली ती व्हिसाविनाच: पारपत्र दाखवावे, वीस डॉलरचे शुल्क भरावे, गुरुद्वाऱ्यात मत्था टेकून सायंकाळी परतावे. दिवसाला पाच हजार यात्रेकरूंची तरतूद त्यात आहे. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी भारताने सुरक्षेच्या कारणास्तव ती बंद केली हे खरे, तथापि तिची चौकट कागदावर लिहिलेली आहे. कैलासाला अशी कोणतीही चौकट नाही.

म्हणून चीनशी संबंध सुरळीत करण्याच्या ज्या बैठका ऑक्टोबर २०२४ च्या कझान भेटीनंतर सुरू झाल्या, त्यांत थेट विमानसेवा, व्यापार, दुर्मिळ खनिजे यांच्याबरोबरीने १९५४ चे ते एक कलम मेजावर मांडले जावे, अशी माझी मागणी आहे. सगळा करार पुनरुज्जीवित करा असे कोणी म्हणणार नाही. तो मेला ते बरेच झाले. पण यात्रेकरूने सीमाचौकीत नोंद करून परवाना घ्यावा ही तरतूद, आजच्या सुरक्षेच्या गरजा लक्षात घेऊन, पारपत्राच्या आधारे का होईना, कायमस्वरूपी करारात यावी. २०२० च्या मे महिन्यात धारचुला ते लिपुलेख रस्त्याचे उद्घाटन झाले. जेथे पूर्वी दिवसेंदिवस पायपीट होती तेथे आता मोटार जाते. (नेपाळने या रस्त्यावर हरकत घेतली आहे आणि तो विषय शेजाऱ्याशी बोलूनच सोडवावा लागेल.) रस्ता आपण बांधला. त्या रस्त्याच्या टोकाशी वर्षाला अडीचशे माणसेच पलीकडे जात असतील, तर एवढे डोंगर फोडले कशासाठी? नेपाळमार्गाचा भरवसाही कितीसा धरावा? २०१८ च्या जुलैत सिमीकोट-हिल्सा परिसरात खराब हवामानामुळे दीड हजारांवर भारतीय अडकून पडले होते आणि ८ जुलै २०२५ ला रसुवागढीचा सीमापूल पुरात वाहून गेला.

आपल्या सरकारलाही स्वतःच्या अखत्यारीत काही करता येईल. ओसीआयधारकांसाठी वेगळी तुकडी काढणे अशक्य नाही. विवाहानंतर नाव बदललेल्या आपल्याकडील स्त्रियांच्या पारपत्रावर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे आणि बँकेत तिसरेच, असा घोळ असतो. तो अर्जाच्या वेळीच निस्तरून देणारी एखादी खिडकी असावी. गुरुजींसारख्यांच्या बाबतीत तर एक साधी सूचना वेळेवर मिळाली असती तरी पुरे होते.

शेवटी स्वतःविषयी सांगतो. सोडतीत माझे नाव दोनदा लागले नाही. म्हणून यंदा नेपाळमार्गे जावे असे ठरवून एका यात्रा कंपनीचा अर्ज आणला. त्यात 'व्यवसाय' असा एक रकाना आहे. पत्रकारांना तिबेटचा सर्वसाधारण प्रवासपरवाना मिळत नाही, हे त्या कार्यालयातील तरुणाने मला अतिशय नम्रपणे सांगितले आणि तेवढ्याच नम्रपणे सुचवले, "साहेब, 'खासगी नोकरी' लिहा, सगळेच लिहितात." तीस वर्षे जो व्यवसाय केला तो शिवदर्शनासाठी लपवावा की काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही. बाकीचा अर्ज भरून झाला आहे. पारपत्राची मुदत चार वर्षे शिल्लक आहे, वजनही मर्यादेत आणले आहे. तो एक रकाना तेवढा कोरा आहे.