ठिगळाची बाजू

पुलगावातील आमच्या एका प्राध्यापक स्नेह्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावरून लोखंडी खलबत्ता निसटला आणि खालच्या टाइलचा कोपरा उडाला. वरच्या चकाकत्या पातळ थराखालची विटकरी माती उघडी पडली. आलेल्या मिस्त्रींनी उभ्या उभ्याच निकाल दिला, "एक बदलून काय फायदा सर? हे डिझाइन आता मिळत नाही. ठिगळ दिसेल. पूर्णच काढून टाका." मिस्त्रींचे आम्हांला नवल वाटले नाही, त्यांचे पोट त्यावर आहे. नवल वाटले ते आयुष्यभर साहित्य शिकवलेल्या घराने हा निकाल मुकाट्याने मान्य केला, याचे.

की त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही? ‘ठिगळ’ हा शब्द आम्हा समीक्षा लिहिणाऱ्यांनीच शिवीसारखा वापरला आहे. कादंबरीतले एखादे प्रकरण रुचले नाही की ते ‘ठिगळ लावल्यासारखे’. कृती एकसंध हवी, सांधा दिसता कामा नये, हा आग्रह आम्ही विद्यार्थ्यांच्या गळी उतरवला. अलीकडे मात्र परिसंवादांतून जपानी किंत्सुगीचे कौतुक ऐकू येते: फुटलेले भांडे लाखेने सांधायचे, सांध्यावर सोन्याची पूड लावायची, तडा लपवायचा नाही. व्यासपीठावर सोन्याची सांध आणि स्वयंपाकघरात ब्रेकर! जुन्या लुगड्यांची गोधडी पांघरून वाढलेल्या पिढीला ठिगळाचे मोल कळायला जपानपर्यंत जावे लागावे, हेही विशेषच. असो.

पूर्ण फरशी उखडण्याच्या विरोधात आमचा मुख्य मुद्दा मात्र सौंदर्यशास्त्राचा नाही. तो पायाखालच्या मातीचा आहे. ज्या काळ्या मातीतल्या कापसावर पुलगावची कापड गिरणी उभी राहिली, तीच माती येथल्या घरांखाली आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. पाया उथळ असेल, जोत्यात चांगला मुरूम दाबून भरलेला नसेल, तर वरची फरशी या हालचालीबरोबर हलणारच. खलबत्त्याचा घाव एका टाइलपुरता असतो. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलेला तडा बहुधा मातीचा असतो. पहिल्यासाठी सगळी फरशी काढणे हा अतिरेक, आणि दुसऱ्यासाठी ती नुसती बदलणे ही फसवणूक, कारण त्याच मातीवर नवी फरशीही तडकेल. तेथे आधी छताचे व मोरीचे पाणी जोत्यापासून दूर न्यायला हवे. अशा तड्याला वरून लुकण भरून गप्प बसणाऱ्या ठिगळाची वकिली आम्ही करणार नाही.

1936 साली गांधीजी ज्या शेगावात राहायला आले आणि ज्याचे पुढे सेवाग्राम झाले, ते याच जिल्ह्यात आहे. तेथल्या कुट्यांची जमीन मातीची. अशी जमीन उखडते, पोपडे धरते आणि पुन्हा सारवली जाते. सारवणाला कोणी दुरुस्ती म्हणत नाही. तो राहण्याचाच भाग असतो. टाइल आली ती ‘आता काही करायला नको’ असे आश्वासन घेऊन. म्हणूनच ती फुटली की आपण असे हतबुद्ध होतो.

वास्तविक काम घरच्या घरी होण्याजोगे आहे. आम्ही नाण्याने टाइल वाजवून पाहिली. घट्ट बसलेली टाइल टणक वाजते, पोकळ असलेली भद्द. टणक वाजणाऱ्या टाइलचा टवका भरायचा असेल, तर जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी, दोन भाग मिसळून होणाऱ्या इपॉक्सीत रंगाची पूड कालवून भरावी आणि वाळल्यावर बारीक पॉलिश कागदाने घासावी. इपॉक्सी उन्हात पिवळसर पडते, हे मात्र आधी मान्य करावे.

आमची टाइल भद्द वाजली. ती बदलावीच लागली. प्रथम डोळ्यांना चष्मा. मग करवतीच्या पात्याने चारही बाजूंच्या दरजा मोकळ्या केल्या. ही पायरी गाळली तर शेजारची टाइल हकनाक जाते. छिन्नी मध्यभागी लावून बाहेरच्या दिशेने तुकडे काढले, कडेकडून उचकटले नाही. खालचा जुना मसाला खरवडला, टाइल चिकटवण्याचा मसाला दातेरी थापीने पसरला आणि नवी टाइल ठोकून शेजारच्यांच्या पातळीत आणली. दरजा दुसऱ्या दिवशी भरल्या.

प्रश्न उरला डिझाइनचा. भट्टीगणिक छटा बदलते. म्हणून फरशी घालतानाच चार-सहा टाइल्स माळ्यावर ठेवायच्या असतात. येथे कोणी ठेवल्या नव्हत्या. तेव्हा जुन्या रंगाच्या जवळपासचे काहीतरी शोधण्याऐवजी आम्ही सरळ गडद निळी टाइल बसवली. सगळ्या बदामी फरशीत ती एकटी उठून दिसते. स्नेह्यांच्या आईंनी दोन दिवस ती न्याहाळली आणि तिसऱ्या दिवशी आपला पाट नेमका तिच्यावर मांडला.