मोकळ्या श्वासामागची दुखापत

मुरगावात दम्याचा विषय निघाला की मागोमाग कोळशाचा निघतोच. बंदरात कोळसा उतरतो आणि वास्कोतील घरांच्या खिडक्यांवर काळी पूड बसते. 2017 साली बंदराच्या विस्तारासंबंधी झालेल्या जनसुनावणीत नागरिकांनी याच धुळीविरुद्ध आवाज उठविला होता. डिचोलीकरांनी तर खाणींची तांबडी धूळ अनेक वर्षे सोसली आहे. धुळीने दमेकऱ्याची धाप वाढते, तेव्हा ही तक्रार रास्तच होय. परंतु आज आम्ही वाचकांचे लक्ष श्वासनलिकेच्या आत काय घडते, तिकडे वेधू इच्छितो.

दम्याचा झटका येतो तेव्हा श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, आतील अस्तर सुजते, कफ दाटतो. साल्ब्युटामॉलचा पंप ओढला की स्नायू सैल पडतात आणि घरच्यांना वाटते, संकट टळले. या समजुतीला धक्का देणारे संशोधन लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील जोडी रोझेनब्लाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. नलिका आवळली जाताना अस्तरातील पेशींची विलक्षण दाटी होते. दामोदर सप्ताहाच्या गर्दीत कडेची माणसे रस्त्याबाहेर रेटली जावीत, तशा पुष्कळशा पेशी अस्तराबाहेर ढकलल्या जातात. अस्तर उघडे पडते, दाह व कफ वाढतो आणि पुढच्या झटक्याला वाट मिळते. साल्ब्युटामॉलने नलिका उघडली, पण ही पडझड थांबली नाही. गॅडोलिनियम या द्रव्याने ती उंदरांत रोखता आली. माणसांसाठी मात्र ते दम्याचे औषध ठरलेले नाही. उपचाराचे नवे लक्ष्य दिसले आहे, औषध अद्याप व्हावयाचे आहे. तीव्र दम्यासाठी ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब यांसारखी इंजेक्शने आज मिळतात. ती दाह पेटविणारे घटक अडवितात; परंतु ती महाग आहेत आणि निवडक रुग्णांनाच लागू पडतात.

तोवर झटका येऊच न देणे, हाच खरा उपाय. 'गिना' ही दम्याविषयी जगभर मार्गदर्शन करणारी संस्था 2019 पासून सांगत आली आहे की, प्रौढांनी व कुमारांनी केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबू नये. दाह शमविणारे, श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइडही हवेच. आपल्या घरांत मात्र बरे वाटू लागताच नेमके तेच औषध बंद होते. 'सवय लागेल' ही भीती असतेच. शिवाय मुलीचे लग्न ठरेपर्यंत पंप कपाटात दडतो आणि शाळेत तो दप्तराच्या तळाशी जातो. चष्मा जसा उघडपणे नाकावर चढतो, तसा पंपही चारचौघांत ओढता आला पाहिजे. शाळांनी तो मुलाच्या हाताशी राहू द्यावा आणि पालकांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध थांबवू नये.

धुळीविरुद्धचा लढा दीर्घकाळ चालेल आणि तो चालविलाच पाहिजे. घरातल्या मुलाचे औषध मात्र त्या निकालाची वाट पाहत ठेवण्याजोगे नाही.