तग धरला, मूळ कधी धरणार?

इंग्रजीत ‘थ्राइव्ह’ असं एक क्रियापद आहे. ‘भरभराट होणे’ एवढाच अर्थ मुलं पाठ करतात. पण शब्द कळतो तो वापरातून. अंगणातली तुळस उन्हात जोमानं वाढते, तिथे ‘थ्राइव्ह’. नवीन दुकान छान चालू लागतं, तिथेही ‘थ्राइव्ह’. आणि ‘थ्राइव्ह ऑन’ म्हणजे एखाद्या गोष्टीनंच हुरूप येणं. काहीजणींना लग्नघरच्या धावपळीतच उत्साह येतो ना, अगदी तसं!

हा शब्द आला उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून. तिथे त्याचं मूळ ‘धरणे, पकडणे’ या अर्थाचं. गंमत बघा, आपणही हेच म्हणतो. लावणीनंतर भाताचं रोप चार दिवस पिवळं पडतं, मग मूळ धरतं. बाळ बाळसं धरतं.

‘सर्व्हाइव्ह’ हे दुसरं क्रियापद. त्याला आपण म्हणतो तग धरणं. दोन्हीकडे ‘धरणं’च, पण फरक केवढा! तग धरलेलं रोप फक्त मरत नाही. मूळ धरलेलं रोप फुटवे काढतं.

डॉक्टरी भाषेत ‘फेल्युअर टू थ्राइव्ह’ म्हणतात, म्हणजे बाळ बाळसं धरत नाही. ते हसतं, खेळतं, पण वयाच्या मानानं वजन वाढत नाही. आमच्या लोधिवलीपासून कर्जतपर्यंतच्या आदिवासी वाड्यांवर ही काही पुस्तकातली गोष्ट नाही. १९७५ साली अंगणवाडी योजना सुरू झाली, वजनं होऊ लागली, आहार मिळू लागला. पण दिवाळी झाली की कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात. लेकरं बरोबर. वजनाची नोंद तिथेच तुटते. पावसाच्या तोंडावर मूल परत आलं की आपण म्हणतो, ‘‘आहे की बरं!’’ बरं म्हणजे काय? तगलं, एवढंच ना?

मैत्रिणींनो, मला वाटतं आपली चूक इथेच होते. तगण्यालाच आपण वाढणं समजतो. मुलांच्या बाबतीत आणि स्वतःच्याही. सासरी रुळली, दोन वेळचं भागतंय, म्हणजे झालं!

इंग्रजीतला ‘थ्रिफ्ट’, म्हणजे काटकसर, हा शब्दही ‘थ्राइव्ह’च्याच घरातला. पूर्वी त्याचा अर्थच भरभराट असा होता. आपल्या बचत गटाचे पैसे मात्र बहुतेक वेळा आजारपण आणि अडीनडीतच संपतात. त्यातले थोडे वाढीसाठी राखून ठेवूया. कुणाच्या शिलाई मशीनसाठी, कुणाच्या मुलीच्या कॉलेजसाठी. आणि दिवाळीनंतर वाडीवरची बाई भट्टीवर निघाली, की बाळाचं कार्ड तिच्या पिशवीत आहे का, ते बघूया. भट्टीच्या गावच्या अंगणवाडीतही वजन करून घे, आहार माग, एवढं तिला सांगूया. त्यासाठी इंग्रजी यायला लागत नाही.