बेट कुणाचं, डोकं कुणाचं?



या खेपेला घरातला नकाशा काढा. तैवानच्या ईशान्येला समुद्रात पाच छोटी बेटे आणि काही खडक सापडतील, भिंग घेतले तर! सगळी मिळून सात चौरस किलोमीटरच्या आसपास. 1940 नंतर तिथे वस्ती नाही. जपान त्यांना सेनकाकू म्हणतो, चीन दियाओयू. ताबा जपानचा; हक्क मात्र चीन आणि तैवान दोघेही सांगतात.

ओसाड बेटांसाठी एवढे भांडण कशाला? कारण बेटाच्या मालकाला भोवतालच्या पाण्यावर, मासळीवर हक्क सांगता येतो. शिवाय 1969 मध्ये तिथे समुद्राखाली तेल असू शकेल असा अहवाल आला आणि 1971 पासून वाद जोरात सुरू झाला. 1978 मध्ये चीनचे नेते डेंग श्याओपिंग टोकियोला आले होते. ते म्हणाले, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू, पुढची पिढी आपल्यापेक्षा शहाणी असेल.

आता पुढच्या पिढीने काय केले ते ऐका. एप्रिल 2012 मध्ये टोकियोचे गव्हर्नर इशिहारा यांनी जाहीर केले, ही बेटे खाजगी मालकाकडून आम्ही विकत घेणार. लोकांनी 140 कोटी येनहून जास्त वर्गणी दिली. इशिहारा तिथे भलतेच काही करून बसतील म्हणून पंतप्रधान नोदा यांच्या सरकारने 11 सप्टेंबरला तीन बेटे स्वतःच 205 कोटी येनला घेतली. गेले आग विझवायला, आणि चीनमध्ये भडका उडाला. मोर्चे निघाले, जपानी दुकाने फुटली.

15 सप्टेंबरला शिआन शहरात एक चिनी गृहस्थ टोयोटा गाडीतून चालला होता. जमावाने अडवले. बायको विनवण्या करीत होती. एका 21 वर्षांच्या पोराने सायकलच्या लोखंडी कुलपाने त्याच्या डोक्यावर घाव घातले. कवटी फुटली, शरीराची एक बाजू लुळी पडली.

मी नर्स होते. डोक्याला मार लागलेल्या माणसाला पुन्हा चमचा धरायला शिकवणे म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. महिनेच्या महिने जातात. घरचे थकून जातात. भाषण करणारा तोवर दुसऱ्या भाषणाला गेलेला असतो.

मारणाऱ्याला 2013 मध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. मारणाराही चिनी, मार खाणाराही चिनी. जपानच्या ताब्यातले बेट होते तिथेच राहिले. आजही दोन्ही देशांची तटरक्षक जहाजे तिथे एकमेकांवर डोळे वटारून फिरतात.

पण त्याच दिवशी, त्याच शहरात आणखी एक तरुण होता. त्याने पुठ्ठ्यावर लिहिले की पुढे गाड्या फोडताहेत, जपानी गाडीवाल्यांनी मागे वळावे. आणि तो फलक घेऊन रस्त्यात उभा राहिला. कितीतरी गाड्या परत फिरल्या. तोही आपल्या देशाचाच मुलगा ना?

बाळांनो, देशावर प्रेम जरूर करा. घोषणा कानावर आल्या की मात्र त्या पुठ्ठेवाल्याला आठवा. आणि आजीआजोबांनो, नातवंडांना नकाशा दाखवाच.